भिंगरी फिरत नाहीये

२०१९च्या नोव्हेंबरमधला एक आलेख मी अजून जपून ठेवला आहे. डावीकडे नेहमीचे चढउतार, आणि मग एकदम सरळ आडवी रेघ.  ती रेघ माझ्या कोडने काढली होती.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. इंजिनिअरिंग संपवून नाशिकमधल्याच एका छोट्या कंपनीत नुकतीच लागले होते. द्राक्षबागांमध्ये हवामान केंद्रं बसवायची, त्यांची माहिती सर्व्हरवर आणायची आणि शेतकऱ्याला मोबाईलवर सांगायचं की आज रोगाचा धोका किती आहे, असं आमचं काम होतं. हवामान केंद्र म्हणजे बागेच्या कडेला उभा केलेला एक लोखंडी खांब. त्यावर पाऊस मोजणारा डबा, तापमान आणि आर्द्रतेचे सेन्सर, वाऱ्याचा वेग मोजायला तीन वाट्यांची चकरी आणि पानाच्या आकाराची एक पट्टी. ही पट्टी म्हणजे खोटं पान. खऱ्या पानावर पाणी किती तास टिकलं, हे ती सांगते.

द्राक्षवाल्याला हा आकडा का हवा असतो, हे निफाड-दिंडोरीकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. डाऊनी नावाचा रोग आहे. त्याचे बीजाणू पाण्यात अक्षरशः पोहतात आणि पानाच्या खालच्या बाजूच्या छिद्रांतून आत शिरतात. त्यासाठी पाऊसच लागतो असं नाही. रात्रभर दव पडलं आणि सकाळी ऊन यायला उशीर झाला, तरी तेवढं पाणी पुरतं. फुलोऱ्यात डाऊनी आली तर पानावर थांबत नाही, घडावर जाते. मग वर्षभराचं गणित चार-पाच दिवसांत संपतं.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी अरबी समुद्रात 'क्यार' चक्रीवादळ आलं, लगेच पाठोपाठ 'महा' आलं. वादळं समुद्रातच राहिली, पण नाशिक जिल्ह्यात पाऊस थांबेना. गोडी छाटणी झालेल्या बागा नेमक्या नाजूक अवस्थेत होत्या. चिखलात ट्रॅक्टर जात नाही म्हणून लोक पाठीवर पंप घेऊन फवारत होते. सकाळी मारलेलं औषध दुपारी धुऊन जायचं, संध्याकाळी परत मारायचं. दुकानदाराची उधारी वाढत होती.

मग नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उघडीप मिळाली. आकाश निळं झालं. सगळ्यांनी हुश्श केलं. आणि त्याच दिवसांत आमचं चौदा नंबरचं केंद्र अर्धं बंद पडलं.

---

अर्धं म्हणजे असं, की तापमान येत होतं, आर्द्रता येत होती, फक्त खोट्या पानाचा आकडा येणं थांबलं होतं. नंतर कळलं की जोडणीच्या ठिकाणी पाणी जाऊन तार गंजली होती. पण सर्व्हरवर कुठेही 'बंद' असं दिसत नव्हतं. कारण आकडा आला नाही तर काय करायचं, याचा कोड मी लिहिला होता. शेवटचा आलेला आकडा पुढे चालू ठेवायचा.

हे मी मूर्खपणाने केलं नव्हतं. मोबाईलचं नेटवर्क पाच-दहा मिनिटं जातं, आलेखात भोकं पडतात, मग लोकांचे फोन येतात की तुमचं ॲप बंद पडलंय का. भोक दिसायला नको, असं मला वरून सांगितलं होतं. मीही ते आनंदाने केलं. आलेख छान सलग दिसायला लागला. किती वेळ पुढे चालू ठेवायचा, त्याला मर्यादा घालायची, हे डोक्यात होतं. ते 'नंतर करू' या यादीत होतं.

चौदा नंबरचा शेवटचा आकडा दुपारी तीनचा होता. म्हणजे कोरडा. त्यानंतर रात्र झाली, दव पडलं, सकाळ झाली, पुन्हा रात्र झाली. आमच्या हिशेबी पान दुपारी तीनच्या उन्हातच उभं होतं. ॲपमध्ये हिरवा गोल: धोका कमी.

शुक्रवारी संध्याकाळी माझ्या ते लक्षात आलं. कामावरून निघता निघता मी एकेका केंद्राचे आलेख चाळत होते. चौदावर थांबले. निसर्गात सरळ रेघ नसते, एवढं तरी चार वर्षांत शिकले होते. मी यादीत एक ओळ टाकली: 'चौदा, पानाचा सेन्सर बघणे.' पुढे प्राधान्य निवडायचं होतं. 'मध्यम' निवडलं. आमचं तंत्रज्ञ पोरगं सोमवारी येणार होतं. सोमवारी सांगू म्हटलं आणि स्कूटीला किक मारली.

चौदा नंबर म्हणजे कोणतं गाव, हे मी बघितलं नाही. आमच्यासाठी ते चौदाच होतं. एका केंद्राच्या आधारे आजूबाजूच्या तीन-चार किलोमीटरमधल्या बागांना सल्ला जायचा. त्यात माझे काकाही होते.

---

माझ्या काकांना आम्ही नाना म्हणतो. वडिलांचे थोरले भाऊ. निफाड तालुक्यात चार एकर बाग. वडील सिन्नरच्या कारखान्यात कामाला होते, तो बंद पडला तेव्हा मी बारावीत होते. इंजिनिअरिंगची पहिल्या दोन वर्षांची फी नानांनी भरली. द्राक्षाच्या पैशातून. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. एकदाच, चुलतभाऊ काहीतरी बोलला तेव्हा म्हणाले, "एक ओळ तिच्या नावाची लावली आहे असं समज."

मी कंपनीत लागल्यावर नानांनी ॲप घेतलं. गावात सगळ्यांना दाखवायचे. पुतणीने केलंय म्हणायचे. मी केलेलं त्यातलं थोडंसंच होतं, पण ते कशाला सांगू.

त्या शनिवारी नाना बागेत गेले तेव्हा गवत दवाने भिजलं होतं. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला झाला. हे त्यांनी मला खूप नंतर सांगितलं. डोळ्यांना दिसत होतं, हाताला लागत होतं. पण तीन आठवडे रोज फवारणी करून हात रिकामे झाले होते आणि मन एक सुट्टी शोधत होतं. मोबाईल उघडला. हिरवा गोल. रविवारी परत उघडला. हिरवा गोल. दोन फवारण्या वाचल्या.

पुढच्या शुक्रवारपर्यंत पानांवर तेलासारखे डाग होते, खालून पांढरी बुरशी. चारपैकी दोन एकरांत घड तपकिरी पडले.

मला हे घरी जेवताना कळलं. वडील फोनवर बोलत होते, "बरोबर आहे दादा, पाऊसच तसा झाला." मी ताटावरून उठून लॅपटॉप उघडला, चौदा नंबरचं गाव बघितलं आणि परत येऊन उरलेली भाकरी खाल्ली. काहीच बोलले नाही.

मी सोमवारी यादीतली ओळ बंद केली होती. तार बदलली होती, आकडे यायला लागले होते. मधले दिवस आकडे खोटे होते, हे कोणालाही कळवलं नव्हतं. कळवायचं असतं, हेच आमच्याकडे कोणाला माहीत नव्हतं. काम झालं की ओळ हिरवी होते. संपलं.

---

यानंतर तीन वर्षं गेली. मी दुसऱ्या नोकरीत होते, पुण्यातल्या कंपनीचं काम नाशिकमधून करत होते. एक दिवस मला एक टिपण लिहायला सांगितलं: यंत्रणेचा एखादा भाग आंधळा झाला तर कोणाला, किती वेळात कळवायचं. बाकीचे लोक काय करतात ते शोधता शोधता मी भलत्याच ठिकाणी पोचले.

अमेरिकेत अणुवीज केंद्रांवर देखरेख ठेवणारा एक सरकारी आयोग आहे, न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशन. देशभरातल्या केंद्रांनी कळवलेल्या घटनांच्या नोंदी तो कोणालाही वाचता येतील अशा खुल्या ठेवतो. मी रात्री अकराला वाचायला घेतल्या, दोन वाजले तरी वाचत होते. अणुभट्टी आपोआप बंद झाली, पंप बिघडला, अशा मोठ्या गोष्टी तिथे असतातच. पण मधूनच एखादी अशी नोंद येते: केंद्राच्या आवारातल्या हवामान मनोऱ्यावरून वाऱ्याची माहिती मिळत नाहीये.

बस, एवढंच. अणुभट्टी व्यवस्थित चालू आहे. किरणोत्सर्ग कुठेही बाहेर पडलेला नाही. वाऱ्याची दिशा दाखवणारं एक उपकरण बंद आहे. आणि तरी कोणीतरी फोन उचलून ते सरकारला कळवलं आहे. कारण तसा नियमच आहे: आणीबाणीत परिस्थितीचा अंदाज घेण्याची क्षमता मोठ्या प्रमाणात गेली आणि पर्यायी सोय नसेल, तर आठ तासांच्या आत कळवायचं. १९७९मध्ये थ्री माइल आयलंडला अपघात झाला, त्यानंतर कळवाकळवीचे हे नियम जास्त कडक झाले.

मला आधी हसू आलं. एका पंख्यासाठी एवढं! मग तो पंखा तिथे का लावलेला असतो ते वाचलं आणि हसू गेलं.

अणुवीज केंद्रातून उद्या काही बाहेर पडलंच, तर ते कुठे जाणार हे वारा ठरवतो. कोणत्या गावाला घरात बसा म्हणायचं आणि कोणत्या गावाला निघा म्हणायचं, हे वाऱ्याच्या दिशेवर आणि वेगावर ठरतं. म्हणून मनोऱ्यावर दोन-तीन उंचींवर उपकरणं असतात, साधारणपणे एक दहा मीटरवर आणि एक साठ मीटरच्या आसपास. दोन उंचींवरच्या तापमानातला फरक बघायचा. जमीन तापलेली असेल तर हवा वर उसळते, धूर पसरून विरळ होतो. रात्री जमीन थंड झाली की उलटं होतं, खाली थंड आणि वर उबदार, मग धूर वर जातच नाही, चादरीसारखा पसरून सरकत राहतो. फ्रँक पास्क्विल या ब्रिटिश हवामानतज्ज्ञाने १९६१मध्ये हवेच्या या स्वभावाचे 'ए'पासून 'एफ'पर्यंत सहा वर्ग पाडले. 'एफ' म्हणजे सर्वांत गप्प हवा.

हे वाचताना मला निफाड दिसत होतं. थंडीच्या दिवसांत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरला की पेपरात बातमी येते, ते निफाड. त्या पहाटे लोक बागेत शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नयेत म्हणून. तो धूर वर जात नाही. द्राक्षाच्या मांडवाच्या उंचीवर आडवा तरंगतो, एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो. लहानपणी मला ती गंमत वाटायची. पास्क्विलचा 'एफ' मी सहा वर्षांची असल्यापासून बघत होते.

---

आपल्याकडचं सर्वांत जुनं अणुवीज केंद्र नाशिकपासून लांब नाही. तारापूर. १९६९पासून तिथे वीज तयार होते आहे. त्र्यंबकेश्वर ओलांडलं की पालघर जिल्हा लागतो, मोखाडा-जव्हारचे घाट उतरून समुद्राकडे गेलं की तारापूर. सरळ रेषेत जेमतेम सव्वाशे किलोमीटर. भारतात अशा प्रत्येक केंद्राजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राची एक पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते, तीही भट्टी सुरू व्हायच्या आधीपासून. माती, पाणी, मासे, दूध यांचे नमुने तपासायचे आणि हवामानाची नोंद ठेवायची. आपण तारापूर म्हटलं की घुमट आणि कुंपण डोळ्यांसमोर आणतो. वारा मोजत बसलेला माणूस आणत नाही.

वाऱ्याची माहिती लोकांपर्यंत पोचली नाही तर काय होतं, याचं उदाहरण जगाने मार्च २०११मध्ये बघितलं. फुकुशिमाच्या भट्ट्या बिघडल्यावर जवळच्या नामिए गावातले पुष्कळ लोक वायव्येला, डोंगरातल्या त्सुशिमा भागात जाऊन राहिले. लांब आहे, म्हणजे सुरक्षित असणार. १५ मार्चला वारा नेमका त्या बाजूला वळला, वरून पाऊस आणि बर्फ पडला आणि हवेतलं सगळं खाली जमिनीवर उतरलं. किरणोत्सर्ग कुठे जाईल याचा हिशेब करणारी 'स्पीडी' नावाची यंत्रणा जपानकडे होती. भट्टीतून किती बाहेर पडतंय याचा आकडा तिला मिळत नव्हता, कारण तो पाठवणारी व्यवस्थाच वीज जाऊन बंद पडली होती. तरी गृहीत आकडा धरून दिशा काढता येत होती, आणि ती काढलीही जात होती. पण अचूक आकडा नाही, मग अर्धवट गोष्ट लोकांना कशी सांगायची? पहिला नकाशा २३ मार्चला जाहीर झाला. तोपर्यंत लोक तिथे राहून, तिथलंच पाणी वापरून, तिथून पुढे गेलेही होते.

मी हे वाचून लॅपटॉप मिटला. माझ्या गोष्टीची या गोष्टीशी तुलना होत नाही, हे मला कळतं. दोन एकर द्राक्षं म्हणजे फुकुशिमा नव्हे. पण 'अर्धवट कसं सांगायचं' हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. शुक्रवारी संध्याकाळी मी तेच तर स्वतःला म्हणाले होते. आधी तपासू, दुरुस्त करू, खात्री करू, मग सांगू.

त्या अमेरिकन नोंदींमध्ये दुरुस्ती झालेली नसतानाच कळवलेलं असतं. कधीपासून बंद आहे, काय बंद आहे, तोवर कशावर काम भागवणार, कोणाकोणाला कळवलं. कारण माहीत नसेल तर शोध चालू आहे एवढंच. त्यात कोणी माफी मागत नाही, कोणी कोणावर ढकलत नाही. 'आत्ता या खिडकीतून आम्हाला दिसत नाहीये' एवढंच सांगितलेलं असतं. मला वाटायचं, बिघाड दुरुस्त करणं हे खरं काम आणि कळवणं ही कारकुनी. तिथे कळवणं हेच पहिलं काम होतं. दुरुस्तीला आठवडा लागू दे.

---

मी त्याच आठवड्यात निफाडला गेले. बसने, कारण गाडी चालवत जायची हिंमत नव्हती. नाना ओट्यावर बसून सुतळीचे तुकडे करत होते. मी सगळं सांगितलं. कोड, रेघ, शुक्रवार, मध्यम, सोमवार. तीन वर्षं का बोलले नाही, ते सांगताना वाक्य पूर्ण झालं नाही.

नाना बराच वेळ सुतळी कापत राहिले. मग म्हणाले, "शनिवारी सकाळी दव दिसत होतं मला. पण मोबाईल म्हणे धोका नाही. म्हटलं, पोरीने केलंय, तिला जास्त कळत असेल."

मी रडायला लागले. त्यांनी थांबवलं नाही.

"आता रडून काय करते? पाऊस सगळ्यांवरच पडला होता. ज्यांच्याकडं मोबाईल नव्हता त्यांच्याबी बागा गेल्या." थोडं थांबून म्हणाले, "पण शुक्रवारी एक फोन केला असता ना तू, की नाना, आमचं यंत्र बंद पडेल आहे, त्याच्यावर जाऊ नका. बस. मी शनिवारी मारलं असतं औषध. वाचलं असतं का नसतं, देव जाणे. पण मारलं असतं."

यात क्षमा होती की तक्रार, मला आजही सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही नव्हतं. त्यांना फक्त त्या शनिवारचा निर्णय परत हवा होता. तो मी त्यांच्याकडून काढून घेतला होता.

---

आता नानांच्या बागेत त्यांचं स्वतःचं एक केंद्र आहे. खांब चुलतभावाने वेल्डिंग करून दिला, बाकीचं मी जुळवलं. आजूबाजूचे पाच बागाईतदार त्याचे आकडे बघतात. कोड माझा आहे. आकडा आला नाही तर तिथे हिरवा, पिवळा, लाल काहीच दिसत नाही. राखाडी चौकोन येतो आणि त्यात लिहिलेलं असतं, 'माहिती नाही.' पहिल्या महिन्यात सगळ्यांनी त्या राखाडी चौकोनाला शिव्या घातल्या.

मला वाटलं, सुटला प्रश्न.

गेल्या डिसेंबरमध्ये सकाळी सव्वासहाला नानांचा फोन आला.

"तुझी भिंगरी फिरत नाहीये."

वाऱ्याच्या चकरीला नाना भिंगरी म्हणतात. मी झोपेतच लॅपटॉप उघडला. राखाडी चौकोन नव्हता. वाऱ्याचा वेग: ०.०. व्यवस्थित, वेळेवर आलेला, खराखुरा शून्य. पहाटे वारा पडलेलाच असतो. तो शून्य बघून मला कधीच संशय आला नसता.

"नाना, वारा नसेल."

"आहे ना. पलीकडल्या बांधावरचं गवत हलतंय. फवारायला निघालो होतो, म्हटलं बघावं. तुझ्यात शून्य दाखवतंय. मारलं असतं तर सगळं शेजारच्या गव्हात गेलं असतं."

गंधकाच्या फवारणीचा थर बसून चकरीचा दांडा जाम झाला होता. हे नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच माहीत होतं की शून्य आणि काहीच नाही यातला फरक माझ्या कोडला कळला नव्हता, तो बांधावरच्या गवताकडे बघणाऱ्या माणसाला कळला होता.

मी आधी पाच जणांना निरोप टाकला. चार ओळी. कधीपासून: बहुतेक कालपासून. काय बंद: वाऱ्याचा वेग, शून्य दिसला तरी धरू नका. बाकीचे आकडे: ठीक. कळवलं कोणी: नानांनी. मग वाऱ्याचा तो चौकोन हाताने राखाडी केला. मग तोंड धुतलं.

नाना फोनवरच होते.

"मग आज वाऱ्याचं कसं करायचं?"

"मूठभर माती उडवून बघा, नाना."

"ती मघाशीच उडवली," ते म्हणाले. "पूर्वेला गेली. लिहून ठेव."